सोयाबीनचा डाव, तुरीचा डाव

माझे बाबा बुद्धिबळात कोणाला घाई करू द्यायचे नाहीत आणि मला घाईशिवाय दुसरं काही येत नाही. यावरून आम्हा बापलेकीची जेवढी भांडणं झाली तेवढी माझी नवऱ्याशीही झाली नसतील, आणि नवऱ्याशी काही कमी झालेली नाहीत. मी चाल केली की बाबा पटाकडे न पाहता माझ्याकडे पाहायचे. "झाला इचार करून?" असं विचारायचे. तेवढ्यावरून मला समजायचं की माझा एक मोहरा फुकट गेला, आणि मग माझं डोकं फिरायचं.

बाबा अनसिंगला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आधी सुटीच्या दिवशी आणि रिटायर झाल्यापासून रोज दुपारी विहाराच्या ओट्यावर त्यांचा डाव बसायचा. तिथला खेळ देशी. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकणार. त्यामुळं दोन्हीकडची प्यादी हळूहळू एकमेकांसमोर येऊन भिंतीसारखी उभी राहतात आणि मधला रस्ता लवकर मोकळा होत नाही. बाबांच्या स्वभावाला हे फार मानवायचं. मी कॉलेजात नवे नियम शिकले, आता वाशीमला शाळेत गणित शिकवते, पण बाबांसमोर बसलं की देशीच खेळावं लागतं. नवा खेळ म्हणजे त्यांच्या मते "मोटरसायकलवरचा बुद्धिबळ."

डाव कसा जोखायचा हे त्यांनी मला पटावर नाही, वावरात शिकवलं. आमचं थोडं शेत आहे, त्यात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. मी सातवी-आठवीत असेन. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं करून ते म्हणाले, "हे सोयाबीन पाय. वाळलं का थांबत नाई. चार दिवस उन्हात राह्यलं का शेंगा तडकते अन् दाने मातीत. अन् तूर पाय, हिले काई घाई नाई. उभी राह्यते बिचारी." मग म्हणाले की पटावरही असंच असतं. प्यादी कशी बसली आहेत, कोणाचं घर कच्चं राहिलं, कोणापाशी किती मोहरे आहेत, हे सगळं तुरीसारखं. आज आहे ते उद्याही असणार. पण तुझे मोहरे बाहेर आलेत आणि समोरच्याचे अजून घरातच आहेत, त्याचा राजा उघडा पडलाय, हे सोयाबीन. दोन चाली इकडंतिकडं घालवल्या की त्यानं राजा झाकलाच, मोहरे बाहेर आणलेच, आणि तुझ्या हातात टरफलं राहतात.

"म्हनून चाल कराच्या आंधी सोताले इचाराचं," ते म्हणायचे, "हा डाव सोयाबीनचा आहे का तुरीचा?"

मला हे पाठ होतं. वर्गात मुलांना समजावूनही सांगायचे, मोठ्या ऐटीत. पण पटावर बसले की मला सगळंच सोयाबीन दिसायचं. घोडा दे, उंट दे, जाऊन भिडायचं! कधी जमायचं, तेव्हा मी घरभर नाचायचे. बहुतेक वेळा विसाव्या चालीला माझ्यापाशी राजा आणि चार केविलवाणी प्यादी उरायची, आणि बाबा शांतपणे एकेक प्यादं पुढं सरकवत राहायचे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांना लकवा मारला. सकाळी चहाची कपबशी उचलली आणि ती हातातून सुटली, एवढंच आईनं पाहिलं. अकोल्याला दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेल्यासारखेच होते. जीभ जड झाली होती, ती सुटली. डोकं तर लख्ख होतं. डिस्चार्जच्या कागदावर मी चुकीच्या जागी सही केली आहे हे त्यांनी आडवं पडल्या पडल्या शोधलं.

मी त्या दिवसांत अनसिंगला राहून वाशीमला जाऊन-येऊन करत होते. नवरा आणि मुलगी तिकडं आपापलं रांधून खात होते. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीवाल्या मॅडम स्कूटीवर यायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण बोलण्यात पक्क्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, "सुरुवातीचे महिने मोलाचे. आत्ता शरीर शिकायला तयार असतं, पुढं ते हट्टाला पेटतं. मला बाकी काही नको. काकांनी उन्हाळा लागायच्या आत या खाटेवरून कोणाचा हात न धरता उठून उभं राहायचं. ते झालं की चालणं होईल. ते नाही झालं तर पुढं फार अवघड आहे."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर माणूस कामाला लागेल की नाही? बाबा म्हणाले, "जेवढं उरलं तेवढं सांभाळू. पडलो-झडलो त् थेबी जाईन."

मॅडम गेल्या की व्यायाम बंद. आई उठवणार, आई बसवणार, आई खांद्यावर भार घेऊन मोरीपर्यंत नेणार. आई स्वतः पासष्टीची. तिचे गुडघे आधीच कुरकुरतात. मी बाबांना बोलले की तीच मध्ये पडायची. "राहू दे वं माय, त्याईले भेव वाटते." भेव वाटत होतं हे खरंच होतं. आयुष्यभर ज्यानं आपलं एक प्यादं फुकट दिलं नाही तो माणूस उरलेलं अर्धं शरीर हातात घट्ट धरून बसला होता. ते मला दिसत होतं आणि तरी त्यांचा राग येत होता. रागाच्या खाली मला रडू येत होतं.

व्यायामाला नाही म्हणणारा माणूस बुद्धिबळाला मात्र नाही म्हणाला नाही. शाळेतून आले की मी खाटेसमोर स्टूल ओढायचे, त्यावर पट मांडायचे. पहिले दोन दिवस ते डाव्या हातानं खेळले आणि मला हरवलं. तिसऱ्या दिवशी मी कायदा केला. मोहरा उजव्या हातानंच उचलायचा. आणि पडला तिथं बसला. म्हणजे हातातून निसटून मोहरा ज्या घरात पडेल तीच चाल, पुन्हा उचलायचा नाही.

"हे कोन्या गावचे कायदे?" बाबा.

"या घरचे."

"अन् भलत्याच घरात पडला त्?"

"त्या मोहऱ्याची चाल तिथं बसत असेल तर बसला. नसेल बसत तर तुमी दुसरं घर निवडा, पण मोहरा तोच."

त्यांना पटलं नाही, पण ओट्यावर त्यांनी चाळीस वर्षं "हात लावला त् चालवा लागते" असं लोकांना दटावलेलं, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच डावात त्यांचा वजीर बोटांतून सुटला तो बरोबर माझ्या उंटाच्या तोंडात. मी खाल्ला. बाप्पा! काय चिडले ते! "हे खेयनं नाई, ही लूट आहे लूट! मास्तरीन आहे का डाकू?" आई पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आली. मी म्हणाले, "चिडा, चिडा, पण पुढची चाल उजव्यानंच."

सलग आठ डाव मी जिंकले. जन्मात बाबांना सलग दोन डाव हरवले नव्हते, आणि आता आठ जिंकून मला एकाचाही आनंद झाला नाही. मोहरा उचलताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. अंगठा आणि बोट एकमेकांना भेटायचेच नाहीत. पण हट्ट असा की नवव्या दिवशी मी शाळेतून आले तर ते एकटेच बसून एक प्यादं उचलायचं, ठेवायचं, उचलायचं, ठेवायचं असं करत होते. मला पाहिलं तसं प्यादं खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. पंधरवड्यानं मॅडमनी त्यांची मूठ तपासली आणि मला विचारलं, "काय करता तुम्ही यांना? एवढी पकड कशी आली?" मी म्हणाले, "लुटते." त्यांना काही कळलं नाही, पण बाबा गालात हसले.

हात येत होता. पाय तसाच. थंडी सुरू झाली, वावरात तूर फुलावर आली, आणि बाबा अजून आईच्या खांद्याशिवाय खाटेवरून हलत नव्हते. एका संध्याकाळी डाव संपला, मी मोहरे डब्यात भरत होते आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"बाबा, हा डाव सोयाबीनचा आहे का तुरीचा?"

"कोनता डाव? डाव त् उठला."

"हा," मी म्हणाले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाय तू आता, माय बोलावून राह्यली," आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आईनं काही बोलावलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता उद्यापासून पटही बंद. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना आईचा फोन आला. म्हणाली, सकाळपासून तीनदा पाय वर-खाली करून झाले त्याईचे, मलेच म्हनते, मोज वं बरोबर, तू मधातच आकडे खाऊन राह्यली.

इथं मला शहाणपणानं थांबता आलं असतं. पण मी कशाची थांबते! माझ्या डोक्यात आलं की यांना उठायची सवय लागली पाहिजे, आणि सांगून तर ते उठणार नाहीत. म्हणून मी रोज पटाचं स्टूल बोटभर मागं सरकवायला लागले. त्यांना न सांगता. आज बोटभर, उद्या बोटभर. मोहरा ठेवायला ते थोडे आणखी पुढं वाकायचे, कमरेतून उठल्यासारखे व्हायचे, आणि मी मनातल्या मनात खुश. गणिताची बाई ना मी! मला वाटलं, असंच वाढवत नेलं की एक दिवस आपोआप उभे राहतील.

सहाव्या दिवशी ते घोडा घेऊन पुढं वाकले आणि तसेच स्टुलावर कोसळले. पट, मोहरे, बाबा, सगळं एकदम फरशीवर. कपाळाला खोक पडली, ओठ फुटला. हाड मोडलं नाही, पण ते आम्हाला संध्याकाळी वाशीमला एक्स-रे काढल्यावर समजलं. तोपर्यंत मी जी रडत होते त्याला तोड नाही. आईनं फरशीवर स्टूल सरकल्याच्या रेघांवरून ते कुठं होतं ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगून टाकलं. स्टूल मी सरकवत होते, रोज. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते हसायला लागले. फुटक्या ओठानं हसणं दुखत होतं तरी हसले.

"मले वाटे, माया हात आखूड होऊन राह्यला."

"बाबा, हसू नका ना. मी तुमाले पाडलं."

"हाव, पाडलं. पन तुयं म्हननं चुकलं नोतं. डाव सोयाबीनचाच आहे." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक सांगतो. सोयाबीन कच्चं कापलं त् दाने सुरकुतते. कापाची घाई असते, वाळाची नसते. थे दोनी पाहा लागते. मी कापालेच तयार नोतो अन् तू वाळूच नाई देल्लं."

मास्तर तो मास्तरच. त्या दिवशी आमचा तह झाला. स्टूल खाटेला चिकटून राहणार. पटाच्या माझ्याकडच्या चार रांगांत मोहरा न्यायचा असेल तर त्यांनी तोंडानं सांगायचं आणि मी ठेवायचा. आणि पायाचा व्यायाम मॅडम सांगतील तेवढाच, एकही जास्त नाही, पण एकही कमी नाही.

माझं खेळणंही तेव्हापासून थोडं बदललं, मी ठरवून नव्हे. पूर्वी जोर आला की मी तो शेवटापर्यंत ताणायचे. आता जोर आहे तोवर त्याच्या बदल्यात काहीतरी टिकणारं घ्यायचं असं सुचू लागलं. राजावर चालून जायचं, त्यांना घाबरवायचं, आणि त्या गडबडीत एक प्यादं मारून किंवा त्यांच्या प्याद्यांची रांग मोडून गप बसायचं. मात नाही तर नाही, पण हातात काही राहिलं. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा बाबांनी "झाला इचार करून?" असं विचारलं नाही. पटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता खेयून राह्यली." या चाळिशीत माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगाच एक मोहरा सरळ केला.

जानेवारी गेला. बाबा आईचा खांदा धरून उभे राहू लागले. मग खाटेच्या पायाचा वर आलेला खुरा धरून. पण हात सोडायची वेळ आली की गुडघ्याआधी त्यांचं मनच वाकायचं. पुन्हा खाली. मॅडम आता "छान, छान" जरा जास्तच म्हणत होत्या, आणि मला ते आवडत नव्हतं. दुपारी ऊन चटकायला लागलं होतं. तूर काढून घरात आली होती.

फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारचे चार वाजले असतील. आई दारात बसून सुपात तूर पाखडत होती. मी त्या दिवशी झकास खेळत होते. एक प्यादं जास्तीचं, वजीर आणि घोडा बाबांच्या राजाच्या अंगणात. फक्त दोन चाली हव्या होत्या. माझा स्वतःचा राजा कोपऱ्यात, शेजारी राखणीला हत्ती, पुढं दोन प्यादी. त्यातल्या हत्तीपुढच्या प्याद्यावर बाबांचा वजीर लांबून तिरका रोखलेला होता आणि त्याच्या मागं उंट. पण हत्ती होता ना राखणीला. मी निवांत होते.

बाबा खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हत्ती. तुया शेवटच्या रांगेत, मधी. ठेव."

"बाबा, तिथं माझा हत्ती मारतो त्याले."

"ठेव म्हनलं ना."

"नीट पाहा. फुकट आहे."

"किती बोलतं वं! ठेव."

जन्मात या माणसानं हत्ती फुकट दिला नव्हता. मला वाटलं, थकले. मी ठेवला, आणि वाईट वाटत वाटत माझ्या हत्तीनं तो मारला. दुसरं काही केलं असतं तरी वाचले नसते हे नंतर कळलं. मारताना माझा हत्ती राखणीवरून हलला. मी त्यांचा हत्ती डब्यात टाकते तोच पटावर ठक असा आवाज झाला. माझ्या प्याद्याच्या जागी त्यांचा वजीर उभा होता. राजाला अगदी खेटून. पाठीशी उंट. राजानं वजीर मारावा तर उंट, सरकावं तर जागा नाही.

"शह," बाबा म्हणाले.

मी घर शोधत होते. हे नाही. तेही नाही. माय वं, खरंच नाही! आणि मग माझ्या लक्षात आलं की दारातला सुपाचा आवाज बंद झालाय. मी आईकडे पाहिलं. ती सूप तसंच हवेत धरून, तोंड उघडं ठेवून माझ्या पलीकडं पाहत होती. मी मान फिरवली. बाबांचा चेहरा जिथं रोज असायचा तिथं त्यांचा सदरा होता. चेहरा वर होता. वजीर माझ्याकडच्या रांगेत होता, मला सांगायच्या ऐवजी त्यांनी तो स्वतः नेऊन ठेवला होता, आणि ते उभे होते. डावा हात खाटेवर नव्हता, खुऱ्यावर नव्हता, कशावरच नव्हता. पाठीमागं लोंबत होता. उजव्या हाताचं बोट वजिरावर.

आणि त्यांना ते माहीत नव्हतं! ते माझा राजा पाहत होते.

विहाराच्या ओट्यावर एक रिवाज आहे. हरणाऱ्यानं तोंडानं "मात" म्हणेपर्यंत जिंकणाऱ्यानं मोहऱ्यावरचं बोट काढायचं नाही. बाबा तो कडक पाळतात.

"म्हन ना," ते म्हणाले.

"थांबा ना बाबा. पाहू द्या."

"पाहाले काई उरलं नाई. घर नाई तुले."

"आहे बहुतेक. थांबा."

मी पटावर मान झुकवली आणि डोळे मात्र त्यांच्या गुडघ्यांवर लावले. आईनं हळूच सूप खाली ठेवलं, ओठांवर बोट ठेवलं, जागची हलली नाही. मी एकेक घर मोजल्याचं नाटक केलं. दोन्ही गुडघे ताठ होते. बाबा वरून कुरकुरत होते, "जिंदगीत एवढा टाइम नाई घेतला, अन् आज काहून?" मी म्हणाले, "शिकून राह्यले ना." आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि मी गप बसून बुद्धिबळ खेळत होते.

मग उजवा गुडघा थरथरला. अगदी जरासा.

"मात," मी म्हणाले. "मात, बाबा."

त्यांनी बोट उचललं. मग खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींपैकी कोणीही पुढं झालं नाही. ते हळूच मागं सरकले आणि आपले आपण खाटेवर बसले.